पंचवीस हजारांत लॅमिंग्टन रोड

‘भाई के लिए?’

लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्याच दुकानातला हा पहिलाच प्रश्न! मी ग्राफिक्स कार्डाचं नाव घेतलं. काउंटरमागच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोणी उभं आहे का तेही पाहिलं आणि मग अगदी अदबीने विचारलं. खरं तर मला राग यायला हवा होता. पण गंमत अशी की उत्तर ‘हो’ही होतं आणि ‘नाही’ही. गेम मीच खेळणार होते. पण खेळणार होते दादाबरोबर, आणि दादा होता टोरांटोत.

तर मंडळी, प्रकरण असं आहे. दादा २०१९मध्ये कॅनडाला गेला. फोनवर आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’, ‘बाबांचा गुडघा काय म्हणतोय’, ‘बरं, ठेवतो’. तीन मिनिटांत खलास. पण रविवारी सकाळी आठ वाजता (थंडीत त्याच्याकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेनऊ) हेडफोन चढवून आम्ही गेम खेळायला बसलो, की हाच माणूस दोन-दोन तास बोलतो. ऑफिसातलं राजकारण, खडूस घरमालक, बर्फाचा आलेला कंटाळा, मध्येच एखादं ‘जाम एकटं वाटतं गं’. समोर धडाधड गोळीबार चालू असला की आमच्या घरातल्या पुरुषांना मनातलं बोलायला सोपं जातं, हे माझं निरीक्षण. ऑक्टोबर २०२५मध्ये ‘बॅटलफील्ड ६’ आला, दादाची अख्खी गँग तिकडे सरकली, आणि माझ्या कॉम्प्युटरने हात वर केले.

त्याचीही चूक नाही म्हणा. या गेमच्या किमान अटी अशा: प्रोसेसर रायझन ५ २६०० किंवा त्या तोडीचा, रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स २०६० किंवा आरएक्स ५६०० एक्सटी. शिवाय चीटिंग करणाऱ्यांना लगाम म्हणून टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू हवं. माझ्याकडे काय होतं? २०१७च्या दिवाळीत जुळवलेला रायझन ५ १६००, आठ जीबी रॅमची एकुलती एक स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय. म्हणजे प्रत्येक विषयात नापास. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत माझा प्रोसेसर नाहीच.

दादा म्हणाला, ‘मी पैसे पाठवतो, नवा घेऊन टाक.’

मी म्हटलं, ‘नको.’

घरातला फ्रिज त्याने पाठवलेल्या पैशांतून आला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्याच्याच पैशांतून झालं. आता रविवारी त्याच्याशी बोलायचं तिकीटही त्यानेच काढायचं? माझ्याकडे २५ हजार होते. सोसायटीच्या नव्या लिफ्टचं काँट्रिब्युशन भरून उरलेले. जे काय व्हायचं ते एवढ्यातच. चार महिने असेच गेले, रविवारी सकाळी आठला आम्ही दोघंही झोपलेले असायचो, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी मी सॅक पाठीला लावून डोंबिवली फास्टमध्ये घुसले.

दादरला उतरा, पूल चढा, वेस्टर्नची स्लो पकडा, ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडा. आता भुयारी मेट्रोनेही येता येतं. ग्रँट रोडचं मेट्रो स्टेशन ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झालं. त्याआधी कित्येक वर्षं हा परिसर मेट्रोच्या पत्र्यांआड गेला होता. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असं लिहिलेलं असतं, पण पोलीस स्टेशनचा ‘डी. बी. मार्ग’ सोडला तर ते नाव फारसं कोणाच्या तोंडी नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. गडी जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्यांच्या जिभेवरून काही उतरत नाही.

एक सूचना आताच देऊन ठेवते. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. आणि अकराच्या आधीही जाऊ नका. तोवर फक्त अगरबत्ती लावणं आणि चहावाल्याची वाट बघणं चालतं.

माझ्या बाबांसाठी हा रस्ता म्हणजे सिनेमाचा रस्ता. नाझ, अप्सरा, मिनर्व्हा! नाझच्या इमारतीत फिल्म डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं होती, सिनेमा कुठल्या गावात कितीला विकायचा ते तिथे ठरायचं. १९७५ साली ‘शोले’ मिनर्व्हाला लागला आणि पुढची पाच वर्षं तिथे मुक्कामच ठोकून बसला. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांनी तो तिथे किती वेळा पाहिला याचा आकडा दर गणपतीत वाढतो. मिनर्व्हा आता उरलेलं नाही. पण त्याच रस्त्यावर तेव्हाही रेडिओचे पार्ट, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर विकणारी दुकानं होती. रेडिओनंतर टीव्ही आला, टीव्हीनंतर कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह, सीसीटीव्ही कॅमेरे. दुकानं तीच, शोकेसमधला माल तेवढा बदलत गेला. आजही एखाद्या अरुंद गाळ्यात रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर पुडीत बांधून देणारा म्हातारा दिसतो आणि शेजारच्याच काचेआड लाल-हिरवे-जांभळे दिवे लावलेली कॅबिनेट्स लग्नाच्या हॉलसारखी चमकत असतात.

मी इथे पहिल्यांदा आले २००३मध्ये, दादाच्या दहावीच्या सुट्टीत. तेव्हा फूटपाथवर सीडींचे ढीग असायचे, आणि ‘सॉफ्टवेअर, गेम्स, बोलो क्या चाहिए’ असं कानाशी कुजबुजणारी पोरं. बाबांनी अख्खी दुपार घासाघीस करून पेंटियम ४ जुळवून घेतला आणि तो अवाढव्य मॉनिटर मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. सीएसटीहून डोंबिवलीपर्यंत मॉनिटरला खिडकीची सीट! दुसऱ्यांदा आलो २०१७मध्ये, तिघंही. तेव्हा दादाची नवीन नोकरी होती. बाकीचं सामान बाबांनी घेतलं, पण ग्राफिक्स कार्डाचे पैसे दादाने पहिल्या पगारातून मोजले. तेच हे १०५० टीआय. या वेळी एकटी निघाले, कारण बाबांना नवा गुडघा घेऊन दादरचा पूल चढायला डॉक्टरांची परवानगी नाही. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं, ‘पक्कं बिल घे. तीन दुकानांत भाव विचार. आणि पहिल्या दुकानात काही घेऊ नकोस.’

तर त्या पहिल्या दुकानात.

‘मेरे लिए,’ मी म्हटलं. मुलगा किंचित ओशाळला आणि लगेच व्यापारात शिरला. ‘मॅडम, आपका प्लॅटफॉर्म डेड है. पूरा नया बना लो. बोर्ड, प्रोसेसर, डीडीआर फाइव्ह रॅम.’ कॅल्क्युलेटर टकाटक चालला आणि आकडा आला साठ हजारांच्या वर. मी मान हलवली. मग त्याने आरटीएक्स ३०५० काढलं, सहा जीबीवालं, सीलपॅक, नवं कोरं. ‘ये ले जाओ, वॉरंटी भी है.’

इथेच बऱ्याच जणांची गाडी घसरते. खोक्यावर ‘आरटीएक्स’ लिहिलंय, सील आहे, वॉरंटी आहे, मग अजून काय हवं? पण हे कार्ड छोट्या कामाचं, वेगळी पॉवर केबलही न मागणारं. त्यापेक्षा २०२१चं आरएक्स ६६०० गेममध्ये चांगलंच पुढे आहे, आणि ते सेकंड हँडमध्ये त्याहून स्वस्तात मिळतं. नव्याचा मोह आणि जुन्याची भीती, या दोन्हींवर इथली बरीच उलाढाल चालते.

आणि ‘डेड प्लॅटफॉर्म’चं म्हणाल तर तोच माझा हुकमाचा पत्ता होता. माझ्या बोर्डावरचं सॉकेट एएम४. रायझनची पहिली पिढी २०१७मध्ये या सॉकेटवर आली आणि २०२०ची ५००० मालिकाही त्याच सॉकेटमध्ये बसते. माझ्यासारख्या जुन्या बी३५० बोर्डांना ती परवानगी एएमडीने २०२२मध्ये दिली. म्हणजे कुकर तोच, फक्त शिट्टी आणि रिंग नवी. बोर्ड बदलायचा नाही, कॅबिनेट बदलायचं नाही, रॅमही डीडीआर फोरच. आपल्या बोर्डाला कुठला प्रोसेसर चालतो याची यादी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर असते. ती घरून बघून निघायची, काउंटरवर विचारायची नाही.

घरून आणखी एक गोष्ट बघून निघायची: आपला मॉनिटर. माझा साधा फुल एचडी, ७५ हर्ट्झचा. सेकंदाला ७५च्या वर चित्रं तो दाखवूच शकत नाही. मग १५० फ्रेमचं कार्ड घेऊन करायचं काय? पूजा? अपग्रेडचं बजेट मॉनिटरपासून उलटं मोजत यायचं, हा फंडा मला बऱ्याच उशिरा कळला. आणि अजून हार्डडिस्कवर गेम खेळत असाल तर बाकी सगळं सोडा, आधी एसएसडी घ्या. मी ती लॉकडाऊनमध्ये घातली होती, म्हणून या यादीत ती नाही.

रॅमच्या दुकानात मात्र माझा माज उतरला.

‘आठ जीबी डीडीआर फोर?’ शेठने फोन उचलला, कोणाला तरी भाव विचारला, ठेवला. ‘ये अभी का रेट है. चार बजे का मालूम नहीं.’ झवेरी बाजारातही सोन्याचा भाव इतक्या तोऱ्यात सांगत नसतील! वर्षापूर्वी जी स्टिक दोन हजारांच्या आत मिळत होती तिचा नवा भाव ऐकून मी दुकानाबाहेरच्या पायरीवर येऊन उभी राहिले. झालंय असं की मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटर्सकडे वळवला, कारण तिकडे पैसा जास्त. जुन्या डीडीआर फोरचं उत्पादन तर आधीच आवरतं घेणं चालू होतं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. अमेरिकेत कोणीतरी चॅटबॉटला मोदकाची रेसिपी विचारणार, आणि त्याची झळ ग्रँट रोडला माझ्या पर्सला बसणार.

मग केली जुनीच स्टिक. दोन इमारती सोडून एका जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे माझ्याच स्पीडची आठ जीबीची स्टिक २,८०० रुपयांना मिळाली. त्याने ती समोर मशीनमध्ये लावून दाखवली. जुन्या रॅममध्ये घाबरण्यासारखं फारसं नसतं, एक तर ती चालते किंवा नाही. शिवाय एकाऐवजी दोन स्टिक लागल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो आणि गेममध्ये ते अडखळणं बरंच कमी होतं. मोठी एकच स्टिक घेण्यापेक्षा जोडी बरी, लग्नासारखं नाही.

लॅमिंग्टन रोड कळायचा असेल तर जिने चढा. खाली रस्त्यावर शोरूम, वरती गाळेच गाळे. जिन्यात खोक्यांच्या थप्प्या, डोक्यावर पाच-पाच प्रिंटर घेऊन ‘साइड, साइड’ करत उतरणारे हमाल, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आणि त्यावर देवांच्या टाइल्स. कोणी गुजराती, कोणी कच्छी, कोणी मारवाडी, मदतनीस पोरगा रत्नागिरीचा नाहीतर आझमगडचा, आणि सगळ्यांची मिळून एकच भाषा: ‘बिल के साथ या बिना?’ इथे पाय घट्ट रोवायचे. बिलासकट म्हणजे १८ टक्के जीएसटी, आकडा लगेच फुगतो आणि मन पाघळतं. पण उद्या वॉरंटीसाठी बिल आणि सिरियल नंबरच विचारतात. नव्या मालाला पक्कं बिल घ्याच. बाबा जिंदाबाद.

ग्राफिक्स कार्डाचं दुकान तिसऱ्या मजल्यावर. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. भिंतीला खिळे आणि खिळ्यांना कार्डं, मटणाच्या दुकानात असतं तसं! मधोमध चष्मा कपाळावर चढवलेले साठीचे एक शेठ. मी आरएक्स ६६०० म्हटलं. ते ‘भाई के लिए’ म्हणाले नाहीत, ‘हसबंड के लिए’ही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘मॉनिटर कौनसा है?’

विकायच्या आधी मॉनिटर विचारणारा दुकानदार भेटला की समजायचं, आपण बरोबर मजल्यावर आलोय.

सेकंड हँड कार्डाच्या बाबतीत सगळ्यांच्या मनात एकच भूत: मायनिंग. क्रिप्टोच्या लाटेत लोकांनी ही कार्डं दिवसरात्र राबवली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने पद्धत बदलली, कार्डांवरचं मायनिंग एका रात्रीत बंद पडलं आणि ती सगळी बाजारात आली. ६६०० वीज कमी खातं म्हणून मायनिंगवाल्यांचं लाडकं. शेठनी लपवलं नाही. ‘माइनिंग का है या नहीं, कोई नहीं बता सकता. झूठ कायको बोलूं? चला के देखो.’ मग स्टुलावर बसून पंधरा मिनिटं ते कार्ड टेस्टवर धावताना मी पाहिलं. तापमान एका आकड्यावर जाऊन थांबतंय ना? पंखा कण्हतोय का? स्क्रीनवर ठिपके, रेघा? स्क्रूवरच्या खुणा, कार्डावरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा, दोन्ही जुळतायत का? सगळं ठीक होतं. साडेबारा हजार, सात दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’. म्हणजे सात दिवसांत बिघडलं तर बदलून, आठव्या दिवशी तू कोण आणि मी कोण.

मी खूश. आणि तेवढ्यात शेठनी विचारलं, ‘एसएमपीएस कितना पुराना?’

‘२०१७ का.’

‘तो पहले वो बदलो. कार्ड बाद में लो.’

हे मी यादीत धरलंच नव्हतं. पॉवर सप्लायकडे कोण बघतं? दिसत नाही, चमकत नाही, फ्रेम वाढवत नाही. हिशेबाने माझा ४५० वॉटचा पुरला असता; हे कार्ड १३२ वॉटचं आणि नवा प्रोसेसर ६५चा. पण स्वस्तातला, आठ वर्षं डोंबिवलीतल्या वरखाली होणाऱ्या विजेवर जगलेला. जाताना तो एकटा जाईलच असं नाही, सोबत कार्ड आणि बोर्डही नेऊ शकतो. साडेबारा हजारांचं कार्ड त्याच्या भरवशावर सोडायचं म्हणजे जुन्या गॅसच्या नळीला नवी शेगडी जोडण्यासारखं. ५५० वॉटचा, ब्राँझ रेटिंगचा नवा, ३,३०० रुपये. मी मोबाइलवर बेरीज केली. कार्ड १२,५००, रॅम २,८००, पॉवर सप्लाय ३,३००, आणि रायझन ५ ५६०० ज्या भावात ठरत होता ते ९,२००. एकूण २७,८००.

अठ्ठावीसशे कमी.

सॅकमध्ये एक गोष्ट होती. निघताना ‘भाव तरी विचारून बघू’ म्हणून काढून आणलेलं १०५० टीआय, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. शेठनी ते उलटंपालटं करून पाहिलं, दिव्याखाली धरलं, चालवून पाहिलं. ‘अच्छा रखा है. पचीस सौ.’

मी ते परत हातात घेतलं. दादाचा पहिला पगार. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये त्याने ते खोकं कोणाला हात लावू दिलं नव्हतं. दुपारचा दीड वाजलेला, टोरांटोत पहाटेचे तीन. फोन करून विचारायचं तरी काय? नको म्हणाला असता तर? आणि ‘ठेव, मी पैसे पाठवतो’ म्हणाला असता तर? ती शक्यता जास्त होती. शेठ काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उगाचच एक केबल गुंडाळत बसले.

‘ठीक है,’ मी म्हटलं.

साडीचा तुकडा तेवढा परत मागून घेतला. तीनशे रुपये वर गेले, ते मी ‘प्रवासखर्च’ या सदरात टाकले. ऑफिसात नाही का आपण टाकत!

प्रोसेसरसाठी मी गेले परत त्याच ‘भाई के लिए’वाल्या दुकानात. तीन दुकानं फिरून भाव त्याचाच सगळ्यात कमी निघाला होता. बाबांचा नियम मोडला असं नका समजू, त्यांनी पहिल्या दुकानात घेऊ नको सांगितलं होतं, पहिल्या दुकानात परत जाऊ नको असं नाही. त्याने सीलबंद खोकं दिलं, आत कूलरही होता. पक्कं बिल माझ्याच नावाने फाडलं. आणि मग त्या दिवसातला सगळ्यात मोलाचा प्रश्न विचारला: ‘बायॉस अपडेट किया है?’

मी गप्प.

‘मॅडम, पहले पुराने प्रोसेसर पे अपडेट करना, फिर नया डालना. नहीं तो डिस्प्ले नहीं आएगा और मंडे को आप आ के मुझपे चिल्लाएंगे.’

सकाळपासून याच्याबद्दल मनात साचलेलं सगळं मी तिथेच माफ करून टाकलं.

बायॉस म्हणजे बोर्डाचं मूळ डोकं. २०१७च्या डोक्याला २०२२चा प्रोसेसर ओळखता येत नाही, त्याला आधी ओळख करून द्यावी लागते. पेनड्राइव्हवर फाइल घ्यायची, अपडेट सुरू करायचं आणि पाचेक मिनिटं देवाचं नाव. त्या पाच मिनिटांत लाइट गेली की बोर्ड मेला. आमचा यूपीएस कधीच वारलाय. रात्री अकराला बाबा मीटरच्या डब्याशेजारी खुर्ची टाकून बसले, जणू काही वीज गेलीच तर ते तिला हाताला धरून परत आणणार होते. आईला ताकीद होती: मिक्सर नाही, गीझर नाही, इस्त्री नाही. ‘मग मी श्वास घेऊ का?’ आई म्हणाली. स्क्रीनवर टक्के सरकत होते. ८७ला ते इतका वेळ अडकले की खालून गेलेल्या रिक्षेच्या हॉर्नलाही आम्ही दचकलो. मग १००. मशीन स्वत:हून बंद झालं, स्वत:हून सुरू झालं. बाबा उठले आणि पहिल्यांदा पंखा लावला.

जुना प्रोसेसर काढताना आणखी एक मेख असते. आठ वर्षांची पेस्ट वाळून कूलर प्रोसेसरला असा चिकटतो की ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट उपटून येतो. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून तापवायचं, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करायचा. बरणीचं झाकण उघडतो तसं. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नाही. हे सगळं दादा व्हिडिओ कॉलवर बघत होता. त्याच्याकडे शनिवारची दुपार, हातात पोह्यांची बशी.

‘कार्ड कुठलं बसवलंस?’

‘६६००.’

‘आणि आपलं?’

मी स्क्रू घट्ट करत राहिले. ‘विकलं. पॉवर सप्लायला कमी पडत होते.’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

‘किती आले?’

‘अडीच हजार.’

‘कमी आले. बाबांना न्यायला हवं होतंस. तीन काढले असते.’

‘तीन नाही, साडेतीन,’ मीटरच्या डब्याकडून बाबा म्हणाले.

पुढचे दोन तास सिक्युअर बूटने खाल्ले. एसएसडीवरचं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं, त्यामुळे आधी डिस्कची रचना एमबीआरची जीपीटी करावी लागली. विंडोजमध्ये त्यासाठी ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाची आज्ञा आहे, डेटा न पुसता काम करते, तरीही बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. मग बायॉसमध्ये जाऊन सीएसएम बंद, टीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू. मग विंडोज ११. मग गेमचं डाउनलोड, जे संपलं तेव्हा बाहेर दूधवाला आला होता.

सकाळी आठला हेडफोन चढवले. फ्रेमचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात साठ आणि सत्तरच्या मध्ये नाचत होता. सेटिंग मध्यम, चित्र स्वच्छ, पंख्याचा आवाज जेमतेम. स्वयंपाकघरात चार महिन्यांनंतर रविवारच्या सकाळी पुन्हा माझा आरडाओरडा ऐकून आईने आधण वाढवलं. दादाने आधी पाच मिनिटं घरमालकाला शिव्या घातल्या. मग म्हणाला, इथे मार्चपर्यंत बर्फ आहे, कंटाळा येतो गं. मग आम्ही एका पडक्या इमारतीत शिरलो, मी जिना चढून वर गेले, तो खालीच अडकला.

‘थांब थांब,’ दादा म्हणाला, ‘लॅग होतंय.’

‘माझ्याकडे नाही,’ मी म्हटलं.